नकाराची भर

स्वतःचं रडणं बघून शालन सुतारला आयुष्यात पहिल्यांदाच संताप आला.

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी, सकाळी अकराच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर एक पातळ पडदा उभा केला होता. त्यावर तीस वर्षांची शालन दिसत होती. नऊवारी लुगडं, हळदीनं पिवळे झालेले हात, कानशिलावरून ओघळणारा घाम. समोर हळदीच्या पेढीचा मालक उभा होता. “तक्रार मागं घे आणि वाटेतनं बाजूला हो,” तो म्हणाला. पडद्यावरच्या शालननं एकदा वर पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरला, पापण्या खाली गेल्या, डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर उतरला. मग ती म्हणाली, “मी इथनं हलणार न्हाई.”

वाक्य बरोबर होतं. पण ते म्हणणारी बाई आधीच हललेली होती.

“बंद करा ते,” शालन म्हणाली.

नाझनीन मुजावरनं पडदा विझवला. ती मिरजेची, छत्तीस वर्षांची दिग्दर्शक. हा तिचा दुसरा चित्रपट. सांगलीच्या बाजारात हळद निवडणाऱ्या बायकांनी पुकारलेल्या संपाची गोष्ट, आणि त्या संपाची पुढारी तानूबाई.

“बाई, हे एकशे बाराव्यांदा करून बघितलंय,” ती म्हणाली. “मी यंत्राला सांगितलं, रडू नको. तर ती रडू गिळते. सांगितलं, चीड. तर चिडते आणि लगेच माफी मागितल्यासारखी बघते. मला तुमचाच चेहरा हवा होता. पण तुमच्या बिंबाला नाही म्हणताच येत नाही.”

शालनचा उजवा हात टेबलावर थरथरत होता. दोन वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं तेव्हापासून तो असाच. तिनं सवयीनं त्याच्यावर डावा हात ठेवला.

“मला येतं की,” ती म्हणाली.

“तेच विचारायला आलेय. मग तिला का येत नाही?”

शालनचे वडील कोल्हापुरातल्या स्टुडिओत सुतार होते. त्यांनी उभे केलेले राजवाडे, देवळं, चावड्या शूटिंग संपलं की महिनाभरात सरपणाला जायच्या. शालन एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तेव्हा निर्मात्यानं नाव बदलायला सांगितलं होतं. सुतार हे काय नायिकेचं आडनाव? तिनं बदललं नाही. एकतीस चित्रपट केले. त्यातल्या एकात तिनं सावकाराचा हात धरून त्याला गावाबाहेर काढलं होतं. तो चित्रपट एका आठवड्यात उतरला आणि त्याची रिळं उन्हाळ्यामागून उन्हाळे एका पत्र्याच्या गोदामात पडून राहिली. फिल्म उष्णतेनं कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि शेवटी ती डब्यातच चिकटून बसते. डबे उघडले तेव्हा आत काळी वडी होती.

त्यानंतर टीव्ही आला. ‘जाईचा मांडव’ या मालिकेत शालननं वसुधा वहिनी केली. नऊ वर्षं, दोन हजार सातशे शेहेचाळीस भाग. वहिनी सगळ्यांचं सोसायची, सगळ्यांना माफ करायची, आणि आठवड्यातून किमान चारदा रडायची. महाराष्ट्रातल्या बायका शालनला बाजारात अडवून तिचे डोळे पुसायच्या.

तेरा वर्षांपूर्वी, २०३१ साली, नित्यबिंब कंपनीनं तिचं बिंब तयार केलं. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि हातात काम नव्हतं. “तुम्ही कायम राहाल,” असं त्या लोकांनी सांगितलं होतं. सरपणाला गेलेले वाडे डोळ्यांपुढे येऊन तिनं सही केली होती.

बिंब म्हणजे जुनी दृश्यं कापून जोडणं नव्हे. यंत्र कलाकाराचा उपलब्ध असलेला प्रत्येक क्षण बघतं. चेहऱ्याचा कुठला स्नायू कुठल्या शब्दाआधी हलतो, श्वास कधी घेतला जातो, मान किती अंशांतून वळते, हे सगळं ते मोजतं आणि त्यातून एक सवय शोधून काढतं. मग त्याला नवा प्रसंग दिला की ते दर क्षणाला एकच प्रश्न सोडवतं: या जागी या बाईनं बहुतेक काय केलं असतं?

सगळी मेख त्या ‘बहुतेक’ शब्दात होती. शालनच्या उपलब्ध चित्रणातल्या दर शंभर तासांपैकी नव्वद वसुधा वहिनीचे होते. सावकाराला गावाबाहेर काढणारी शालन यंत्रानं कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या लेखी ती जन्मलीच नव्हती.

नाझनीननं हे समजावून सांगितलं तेव्हा शालननं विचारलं, “माझ्या मागं हीच राहणार?”

“आहे तशी ठेवली, तर हीच.”

“गाडी घेऊन आलीयेस?”

“हो.”

“मग बसून काय राहिलीस?”

नित्यबिंबचं कार्यालय पुण्यात, बाणेरच्या टेकडीखाली होतं. तिथले प्रमुख हृषीकेश बोडस हे पंचेचाळिशीतले, फार गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी शालनला स्वतः दार उघडलं, पाणी दिलं, वसुधा वहिनीमुळे आपली आई कशी जगली ते सांगितलं. शालननं यायचं कारण सांगितल्यावर मात्र ते खुर्चीत मागे रेलले.

“मॅडम, आपलं बिंब पूर्ण झालंय. बंद झालंय. त्यात आता काही घालायची गरज नाही.”

“मी बंद झाले नाही ना अजून?”

“तसं नाही हो. पण ‘जाईचा मांडव’ची नवी मालिका आठ वर्षं त्याच बिंबावर चाललीय. घराघरांत बघतात. शिवाय...” ते अडखळले. “आपली तब्येत. कंपवातात चेहरा हळूहळू स्थिर होत जातो. आज आपण त्यात भर घातली, तर तो थिजलेपणा, ही थरथर, सगळं आत उतरेल. तीस वर्षांच्या वसुधा वहिनीचा हात थरथरायला लागेल.”

“लागू दे.”

बोडसांनी हात जोडले. “कंपनीला परवानगी देता येणार नाही.”

नाझनीननं पिशवीतून कागद काढला. सहा वर्षांपूर्वी झालेल्या कायद्याचं एक कलम तिनं पिवळ्या शाईनं रंगवून आणलं होतं. हयात कलावंताला आपल्या बिंबात स्वतः नवी भर घालण्याचा हक्क आहे, आणि अशी भर घातल्यावर तीच आवृत्ती ग्राह्य. आधीची वापरता येणार नाही. कायदा करताना कुणाला वाटलं नव्हतं की हे कलम कुणी वापरेल. बिंब करून घेणारे बहुतेक जण थकलेले असत किंवा गेलेले.

बोडसांनी कलम दोनदा वाचलं. “अकरा दिवस मिळतील,” ते शेवटी म्हणाले. “कायद्यात तेवढेच आहेत.”

त्या संध्याकाळी शालननं मुलीला फोन केला. आश्लेषा नाशिकला फिजिओथेरपिस्ट होती. पंचेचाळीस वर्षांची, आईसारखीच उंच आणि आईपेक्षा शिस्तीची. सगळं ऐकून तिनं एवढंच म्हटलं, “आई, तुझ्या शरीराला हे झेपणार नाही. मी रोज असे पेशंट बघते.”

“झेपेल.”

“कशासाठी पण? सगळं जग तुझ्यावर प्रेम करतंय.”

“उद्या बोलू,” असं म्हणून शालननं फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी केला नाही.

भर घालण्याची खोली पांढरी, रिकामी आणि गार होती. इंजिनिअर शर्मिला पिंटो नावाची एक शांत बाई होती. तिनं शालनच्या चेहऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी बसवली. छातीवर एक पट्टा, मनगटावर एक. जमिनीलाही सेन्सर होते. तळव्यांचा दाब कुठे किती पडतो ते कळण्यासाठी.

“जुन्या दृश्यांतून यंत्राला फक्त बाहेरचं दिसलं होतं,” पिंटो म्हणाली. “डोळ्यातून पाणी आलं एवढं दिसलं. का आलं, त्याआधी श्वास कुठे अडकला, ते त्यानं अंदाजानं ठरवलं. इथे अंदाज नाही. स्नायूला मेंदूकडून निरोप गेला की तो निघतानाच आम्हाला कळतो. म्हणून इथला एक तास मालिकेच्या शंभर भागांपेक्षा जड पडतो.”

“म्हणजे अकरा दिवसांत नऊ वर्षं पुसता येतील?”

“पुसता येणार नाहीत. पण त्यांच्या तोडीचं काहीतरी शेजारी उभं करता येईल. तेवढं खरं असलं पाहिजे मात्र. खोटं केलंत, तर यंत्राला लगेच कळतं.”

शालनकडे दिवसाला दीड तास होता. औषधाची गोळी घेतल्यावर पाऊण तासानं चेहरा मोकळा व्हायचा आणि मग पुन्हा आकसायला लागायचा. पहिल्या दिवशी त्या दीड तासात तिनं तानूबाईचं वाक्य चाळीस वेळा म्हटलं. समोर भिंत होती आणि भिंतीवर मालकाच्या जागी एक लाल ठिपका.

संध्याकाळी पिंटोनं निकाल दाखवला. पडद्यावरची तीस वर्षांची शालन म्हणाली, “मी इथनं हलणार न्हाई.” आणि पापण्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शालन ओरडली, मूठ आपटली, घसा बसेपर्यंत तेच वाक्य म्हणत राहिली. आलेख वर-खाली नाचले. संध्याकाळी पापण्या खाली.

“यंत्र बिघडलंय,” नाझनीन म्हणाली.

“नाही गं.” शालन खुर्चीत मिटून बसली होती. “यंत्र ठीक आहे. नऊ वर्षं रोज बारा तास मान खाली घातली मी. ती सवय फक्त त्याच्यात नाही बसली, माझ्यातही बसलीय. तोंड नाही म्हणतंय आणि मान हो म्हणतेय.”

मग तिनं कुणालाच न विचारता एक केलं. दीड तास पुरत नाही म्हणून चौथ्या दिवशी तिनं गोळी वाढवली.

मनगटावरच्या घड्याळानं नाडी आणि औषधाची नोंद आपोआप नाशिकला पाठवली. आश्लेषाला ती दवाखान्यात दिसली. त्याच सकाळी तिला बोडसांचाही निरोप आला होता. अगदी सौम्य भाषेत त्यांनी कळवलं होतं की, जवळच्या नातेवाइकानं प्रकृतीच्या कारणावरून लेखी हरकत घेतली, तर वैद्यकीय चौकशी होईपर्यंत काम थांबवता येतं. सोबत अर्ज जोडला आहे, फक्त सही लागेल. चौकशीला सहज सहा महिने गेले असते. सहा महिन्यांनी शालनचा चेहरा कसा असेल हे आश्लेषाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

ती दुपारी दोन वाजता पुण्यात पोचली आणि थेट त्या पांढऱ्या खोलीत शिरली. शालन जाळी लावून उभी होती. यंत्र चालू होतं.

“आई, चल. बॅग भर.”

“आत्ता नाही. गोळीची वेळ चाललीय.”

“कितवी गोळी? मला माहितीय सगळं. तोल जाऊन पडलीस म्हणजे? खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा उभी राहणार नाहीस तू!”

“आशू, हे लोक बसलेत इथे.”

“बसू देत!” आश्लेषाचा आवाज चिरकला. “काय सिद्ध करायचंय तुला? लाखो लोक तुला जीव लावतात.”

“मला नाही. तिला लावतात.”

“मीपण तिलाच लावत होते!”

पिंटोनं यंत्राच्या कळीकडे हात नेला. नाझनीननं तिचा हात धरला.

“मी पहिलीत होते,” आश्लेषा म्हणाली. “शाळेतून आले की घरात आज्जी आणि टीव्ही. साडेसातला तू यायचीस. छान साडी नेसून. त्या मालिकेतल्या मुलीला विचारायचीस, ‘जेवलीस का बाळा?’ आणि मी टीव्हीसमोर बसून सांगायचे, हो, जेवले. रविवारी खरी तू यायचीस. दमलेली. माझ्या वह्या बघून चिडणारी, सहलीला नको जाऊस म्हणणारी. मला रविवारची नको असायची, आई. मला साडेसातची हवी असायची. अजूनही रोज बघते मी ती नवी मालिका, घरी कुणाला न सांगता. तू गेलीस की माझ्याकडे तेवढीच राहणार आहे. आणि तू तिलाच मोडायला निघालीस.”

शालनला हे माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. ती लेकीकडे बघत राहिली. जाळीखाली तिच्या गालांचे स्नायू हलले आणि थांबले.

“तुला एकटं टाकलं मी,” ती म्हणाली. “ते खरंय. पण आशू, रविवारची कुठे जाईल गं? तुझ्यावर चिडणारी, तुला नको म्हणणारी, ती मी होते. साडेसातच्या बाईला कुणीतरी लिहून द्यायचं. मी मेल्यावर माझं म्हणून जे उरणार, त्यात मी एवढीसुद्धा नको का?”

आश्लेषानं फोन पुढे धरला. त्यावर अर्ज उघडलेला होता. “मी सही केली की हे इथेच थांबेल. मला करायला लावू नकोस. तू चल माझ्याबरोबर.”

“नाही.”

“आई, मी करेन. खरंच करेन.”

शालननं श्वास घेतला आणि तो नाकातून सावकाश सोडला. पायांची बोटं जमिनीत रुतल्यासारखी दाबली गेली. उजवा हात जोरात थरथरत होता. या वेळी तिनं त्याच्यावर डावा हात ठेवला नाही. ती सरळ मुलीच्या डोळ्यांत बघत होती, आणि आवाज इतका हळू होता की खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाझनीनला कान द्यावा लागला.

“मी इथनं हलणार न्हाई.”

पापण्या खाली गेल्या नाहीत.

आपण तानूबाईचं वाक्य बोललो हे शालनच्या लक्षातही आलं नव्हतं. आयुष्यभर तिनं नकार ओरडून दिला होता, नाहीतर गिळून टाकला होता. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासमोर उभं राहून, जागचं न हलता, तो असा शांतपणे तिनं कधी दिला नव्हता. आश्लेषानंही तो कधी ऐकला नव्हता. तिनं फोनकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं. मग जवळची खुर्ची ओढून ती बसली आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला.

बऱ्याच वेळानं ती उठली. फोन पर्समध्ये टाकला.

“ती जास्तीची गोळी आजपासून बंद,” ती म्हणाली. आवाज दवाखान्यातला होता. “दर वीस मिनिटांनी बसायचं. ही खुर्ची बदला, पाठीला वाईट आहे. आणि जमिनीवरची ती वायर कुणी टाकलीय? पाय अडकून पडेल ती.”

पिंटोनं वायर उचलली.

संध्याकाळी त्यांनी निकाल बघितला. पडद्यावर हळदीची पेढी, मालक आणि तीस वर्षांची तानूबाई. मालक म्हणाला, बाजूला हो. तानूबाईनं वर पाहिलं आणि वरच पाहत राहिली. पिवळा उजवा हात थरथरत होता. ती हळू आवाजात वाक्य बोलली, आणि ते बोलून झाल्यावर मालकानं नजर वळवली तर बरं, असं बघणाऱ्यालाच वाटायला लागलं.

नाझनीन रडायला लागली. शालन हसली. “बघा, आता दिग्दर्शक रडतेय.”

मग नाझनीननं आश्लेषाला विचारलं, की हे घरातलं भांडण आहे, ते बिंबात ठेवायचं की नाही ते तुम्ही सांगा.

“माझा आवाज काढून टाका,” आश्लेषा म्हणाली. “आईचं तेवढं ठेवा.”

पिंटोनं मान हलवली. “मग त्या कुणाला नाही म्हणतायत हे यंत्राला कळणार नाही. पुन्हा भिंतीला बोलल्यासारखं होईल.”

आश्लेषानं आईकडे पाहिलं. “तूच ठरव,” शालन म्हणाली.

“ठेवा मग,” आश्लेषा म्हणाली. “मीही त्यात असेन तर बरंच आहे.”

दुसऱ्या दिवशी बोडस आले. त्यांनी निकाल बघितला, आणि फक्त थरथरीबद्दल बोलले. ती गाळणीनं वेगळी काढता येते, पिंटो ते सहज करेल. तीस वर्षांच्या धडधाकट बाईचा हात का थरथरावा?

“मालकासमोर उभी राहिल्यावर?” शालन म्हणाली. “न थरथरता नाही म्हणणारी बाई मी तरी अजून बघितली नाही. राहू दे ती.”

उरलेले दिवस आश्लेषा नाशिकला गेलीच नाही. लाल ठिपक्याच्या जागी ती उभी राहायची. कधी पेढीचा मालक व्हायची, कधी सासू, कधी फौजदार, कधी नवरा. ती भयंकर वाईट अभिनय करायची आणि शालन तिला मध्येच थांबवून ओरडायची, “अगं, मालक असा पायरीवर गुळाचा खडा मागितल्यासारखा बोलतो होय?” सगळ्यांना हसू यायचं. ते हसूही यंत्रात गेलं. एकदा आश्लेषानं स्वतःहून विचारलं, “पाचवीत महाबळेश्वरला का नाही सोडलंस मला?” आणि शालननं वीस मिनिटं त्याचं खरं उत्तर दिलं. पिंटो म्हणाली, अकरा दिवसांतली ती सगळ्यात जड वीस मिनिटं होती.

चित्रपट पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लागला. कोल्हापुरातल्या दुपारच्या खेळाला शालन व्हीलचेअरवरून गेली. तानूबाई पेढीसमोर उभी राहिली तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या नाहीत. सगळं चिडीचूप झालं. शालनच्या पुढच्या रांगेतली एक वयस्क बाई शेजारणीला म्हणाली, “ही मांडवातली वहिनी न्हवं? हिला कवा धरनं बोलता याय लागलं?”

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. मालिकेचे आधी करून ठेवलेले भाग संपले, आणि कायद्यानुसार जुनी आवृत्ती बंद झाली होती. तेव्हा ‘जाईचा मांडव’मधली वसुधा वहिनीही आता नव्या बिंबावरच चालायला हवी होती. संवाद तेच होते. सासूनं विनाकारण बोल लावल्यावर वहिनीनं ठरल्याप्रमाणे म्हटलं, “चुकलं माझं.” पण ते म्हणताना ती सासूकडे अशी बघत राहिली, की सासूच अपराधी दिसायला लागली. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. काहींनी मालिका सोडली. जेवढ्यांनी सोडली त्याहून जास्त बायका, ज्या कित्येक वर्षांत या मालिकेकडे फिरकल्या नव्हत्या, त्या साडेसातला टीव्ही लावायला लागल्या.

‘चुकलं माझं’चा तो भाग लागला त्या रात्री जेवणाआधी आश्लेषानं फोन केला. “आई, आज बघितलंस? ती तुझ्यासारखी दिसायला लागलीय. रविवारच्या तुझ्यासारखी.”

“मग?”

“आधी भीती वाटली,” ती म्हणाली. “मग मी शेवटपर्यंत बघितलं.”

डिसेंबरपर्यंत नित्यबिंबकडे भर घालण्याचे अकरा अर्ज आले. एक अर्ज ब्याऐंशी वर्षांच्या नटीचा होता. तिनं हयातभर मरणाऱ्या आया केल्या होत्या आणि तिला आता एकदा खदाखदा हसायचं होतं.

जानेवारीत बोडस स्वतः कोल्हापूरला आले. शालन खिडकीपाशी उन्हात बसली होती. चेहरा आता बराच स्थिर झाला होता. हसली तरी कळायला वेळ लागायचा. बोलणं पुटपुटल्यासारखं यायचं. आश्लेषा चार दिवस राहायला आली होती, आईच्या खांद्यांचे व्यायाम करून घेत होती. तिनं बोडसांना चहा दिला.

“मॅडम, अडचण झालीय,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात महत्त्वाचा भाग आहे. वहिनीनं सासूच्या पाया पडून, रडून माफी मागायची आहे. कथेचा कळस आहे तो. चौदा वेळा करून बघितला. पाया पडते, पण रडत नाही. उठून उभी राहते आणि बघते. लेखक वैतागलेत. तुम्ही अर्धा दिवस द्या फक्त. इथेच यंत्र आणतो, तुम्हाला जागचं उठायलाही लागणार नाही. थोडी माफी, थोडे अश्रू. एवढीच भर.”

शालननं काहीतरी म्हटलं. बोडसांना कळलं नाही. ते पुढे वाकले. आश्लेषाला कळलं होतं, पण तिनं सांगितलं नाही. आई पुन्हा म्हणेल म्हणून ती थांबली.

“रडणं तिला येतं,” शालन एकेक शब्द सोडवत म्हणाली. “दोन हजार सातशे शेहेचाळीस भाग शिकवलंय मी. विसरली नाही ती. तिला त्या जागी रडावंसं वाटत नाही.”

“मॅडम, ते यंत्र आहे. त्याला वाटत नाही काही.”

“मग मला वाटत नाही असं समजा. ती मीच आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं.”

बोडसांनी आश्लेषाकडे पाहिलं. “ताई, तुम्ही तरी समजावा. तुम्हाला तर ती जुनी वहिनी फार आवडायची.”

“आवडायची,” आश्लेषा म्हणाली, आणि आईचा खांदा पुन्हा हातात घेऊन ती हळूहळू फिरवायला लागली.

“पण मग मी काय करू?” बोडस म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खरोखरच गरीब झाला होता. “तुमच्याशिवाय बिंब बदलता येत नाही, तुम्ही ऐकत नाही. कथेचा कळस आहे हो तो!”

शालननं मान त्यांच्याकडे वळवली. ती वळायला वेळ लागला, पण पुरती वळली.

“प्रसंग बदला,” ती म्हणाली.

बोडसांनी कप खाली ठेवला, खिशातून फोन काढला आणि तिथूनच लेखकाला लावला.